परवान्याचे शस्त्र आणि सार्वजनिक ठिकाण : शस्त्र कायद्याचा अभ्यास

दक्षिण-पश्चिम दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी व जुनी वसाहत. तिच्या लगतच भिकाजी कामा प्लेस हे कार्यालयांचे आणि हॉटेलांचे संकुल आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रवेशद्वारापाशी एक तरुण हातात पिस्तूल घेऊन दुसऱ्या पाहुण्यांना धमकावीत असल्याचे चित्रण देशभर प्रसारित झाले. हा तरुण उत्तर प्रदेशातील एका माजी खासदाराचा मुलगा होता. आर. के. पुरम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला व काही दिवसांतच आरोपी न्यायालयात शरण आला. गोळी झाडली गेली नव्हती, कोणी जखमीही झाले नव्हते. पिस्तूलही परवान्याचे असल्याचे सांगण्यात आले. मग गुन्हा नेमका कोणता, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला.

शस्त्र परवान्याविषयीचा एक व्यापक गैरसमज या प्रश्नात दडलेला आहे. परवाना मिळाला म्हणजे शस्त्र कोठेही आणि कसेही नेण्याची मुभा मिळाली, असे पुष्कळ लोक समजतात. प्रत्यक्षात कायदा शस्त्र कोणाकडे असावे एवढ्यावर थांबत नाही. ते कोठे न्यावे, कोणत्या रीतीने न्यावे आणि कोणत्या हेतूने न्यावे, हेही तो ठरवितो. राज्यव्यवस्था, अंतर्गत सुरक्षा व कायदा-सुव्यवस्था या घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय म्हणूनच उपयुक्त ठरावा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर भारतीयांना निःशस्त्र करण्याचे धोरण ब्रिटिश सत्तेने अवलंबिले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा संमत झाला. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले, परंतु युरोपियनांना त्यातून सूट दिली. या वर्णभेदामुळे हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक ठरला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत व त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नमूद करण्यात आला.

ही परंपरा पाहता स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क येईल, अशी अपेक्षा काहींना होती. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेने नाकारलेला हक्क मागणे आणि स्वराज्यात सर्वांना, गुन्हेगारांनाही, तो हक्क बहाल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सभेने दुरुस्ती फेटाळली.

घटनात्मक स्थिती

आज घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ख) नुसार नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. यातील ‘विनाशस्त्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जमावात शस्त्र आणण्याला घटनेचे संरक्षण नाही, हे त्यातून स्पष्ट होते. अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणात अंतर्भूत मानले आहे. हा अपवाद धर्मस्वातंत्र्यातून आलेला असून त्याचा बंदुकीशी संबंध नाही.

सातव्या अनुसूचीतील संघ सूचीच्या पाचव्या नोंदीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हे विषय येतात. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे मात्र राज्य सूचीतील पहिले दोन विषय आहेत. त्यामुळे कायदा केंद्राचा आणि अंमलबजावणी मुख्यतः राज्य यंत्रणेची, अशी रचना निर्माण झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये, विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लक्षात आणून दिले की, अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने कोणालाही दिलेला नाही.

शस्त्र कायदा, १९५९

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा रद्द करून शस्त्र कायदा, १९५९ संमत झाला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

कलम ३ : अग्निशस्त्र संपादन करणे, ताब्यात ठेवणे आणि सोबत घेऊन फिरणे या तीन कृती कायद्याने वेगवेगळ्या उल्लेखिल्या असून तिन्हींसाठी परवाना आवश्यक केला आहे. घरात शस्त्र ठेवण्याची परवानगी आणि ते बाहेर नेण्याची परवानगी या तत्त्वतः भिन्न बाबी आहेत, हे येथेच लक्षात घ्यावे.

कलम ९ : २१ वर्षांखालील व्यक्तींना शस्त्र बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या व्यक्तींवरही ठराविक काळ निर्बंध असतो.

कलम १३ व १४ : अर्जावर पोलीस अहवाल मागवून परवाना प्राधिकारी निर्णय घेतो. सार्वजनिक शांतता व सुरक्षा यांच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास परवाना नाकारता येतो; मात्र केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ नुसार अपिलाची तरतूद आहे.

कलम १७ : अटींचा भंग झाल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक असल्यास परवाना निलंबित वा रद्द करता येतो.

कलम १९ व २० : शस्त्र घेऊन जाणाऱ्या व्यक्तीकडे पोलीस अधिकारी परवान्याची मागणी करू शकतो. बेकायदेशीर कृत्यासाठी शस्त्र नेले जात असल्याचा रास्त संशय येण्याजोगी परिस्थिती असल्यास, परवाना असो वा नसो, वॉरंटशिवाय अटक करता येते. परवाना हे अभयपत्र नव्हे, हे या कलमातील शब्दांवरूनच सिद्ध होते.

सर्वसाधारणतः जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयांच्या क्षेत्रात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. प्रतिबंधित बोअरच्या शस्त्रांचे परवाने मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. .३२ बोअरचे रिव्हॉल्वर अप्रतिबंधित वर्गात मोडते. कानपूर येथील सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांना नजरेसमोर ठेवून बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्वर याच बोअरचे आहे.

झाकून नेणे : भारतीय नियमाचा अर्थ

अमेरिकेतील चर्चेत शस्त्र उघडपणे बाळगणे आणि कपड्याआड लपवून बाळगणे असे दोन प्रकार कल्पिले जातात. अनेक राज्यांत दीर्घकाळ दुसऱ्या प्रकारासाठी स्वतंत्र परवाना लागत असे. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. १९६२ च्या नियमांची जागा घेणाऱ्या शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर नेताना ते योग्य अशा चामडी खोळीत किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या प्रभावी नियंत्रणात असावे लागते. शस्त्र परजणे किंवा सार्वजनिक ठिकाणी झाडणे यास याच नियमांनी सक्त मनाई केली आहे.

अर्थात, आपल्याकडे शस्त्र झाकण्याचा हेतू गुप्तता हा नाही. शस्त्राच्या नुसत्या दर्शनानेही आसपासच्या लोकांवर दडपण येते. परवानाधारकाला संरक्षण मिळावे पण त्यातून इतरांना भय वाटू नये, हा समतोल या नियमामागे आहे. भिकाजी कामा प्लेस येथील घटना या कसोटीवर तपासावी. गोळी झाडली गेली नाही हे खरे. परंतु शस्त्र आवरणातून बाहेर आले आणि वादात वापरले गेले, तेव्हाच आत्मसंरक्षणाच्या हेतूची मर्यादा ओलांडल्याचा आरोप उभा राहिला. धमकी देणे व अडवणूक करणे हे गुन्हे दंडसंहितेतही आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते अनुक्रमे कलम ३५१ व १२६ मध्ये आढळतात.

हॉटेल ही खाजगी मालमत्ता आहे, तेव्हा तेथे हा नियम कसा लागू होईल, अशीही शंका घेतली जाते. ‘सार्वजनिक ठिकाण’ याचा अर्थ सरकारी मालकीची जागा असा नाही. जनतेला किंवा तिच्यातील एखाद्या वर्गाला जेथे प्रवेश असतो, ते ठिकाण सार्वजनिक मानले जाते. शिवाय आपल्या जागेत शस्त्रासह प्रवेश न देण्याचा अधिकार व्यवस्थापनाला असतोच.

शस्त्र नेण्यास मनाई असलेली ठिकाणे

भारतात अशा ठिकाणांची यादी एकाच कायद्यात मिळत नाही. ती निरनिराळ्या कायद्यांतून एकत्र करावी लागते. परीक्षार्थींनी पुढील वर्गीकरण लक्षात ठेवावे.

१) परवान्यातील अटी : जिल्हा दंडाधिकाऱ्यांची विशेष अनुमती नसल्यास जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा अन्य सार्वजनिक मेळावा येथे, तसेच शैक्षणिक संस्थांच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. लग्नाची वरात किंवा राजकीय सभा या अटीतून सुटत नाही.

२) मतदान केंद्र : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ख नुसार मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात किंवा त्याच्या परिसरात सशस्त्र जाण्यास मनाई आहे. निवडणूक निर्णय अधिकारी, मतदान केंद्राध्यक्ष, पोलीस व बंदोबस्तावरील व्यक्ती यांचा अपवाद आहे. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शस्त्र जप्त होते आणि परवाना रद्द झाल्याचे मानले जाते.

३) धार्मिक स्थळे : धार्मिक संस्था (दुरुपयोगास प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापकाने शस्त्रास्त्रे किंवा सशस्त्र व्यक्ती यांना आत येऊ देता कामा नये. शिखांची कृपाण आणि धार्मिक विधीचा भाग असलेली शस्त्रे यांना सूट आहे. येथे जबाबदारी व्यवस्थापकावर टाकली आहे, हे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे.

४) अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील परवानाधारकांच्या नोंदणीची तरतूदही या कायद्यात आहे.

५) विमान व मेट्रो : विमानाच्या प्रवासी कक्षात शस्त्र नेता येत नाही. परवानाधारकाने ते आगाऊ जाहीर करून, गोळ्या काढून, नोंदणी केलेल्या सामानातून न्यावे लागते. दिल्ली मेट्रोच्या स्थानकांवरही तपासणी होते आणि सामान्य प्रवाशाला शस्त्र वा काडतूस घेऊन जाता येत नाही.

६) अशांत क्षेत्रे : शस्त्र कायद्याच्या कलम २४क व २४ख नुसार अशा क्षेत्रांत अधिसूचित शस्त्रे बाळगण्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणांहून नेण्यावर केंद्र सरकार ठराविक काळासाठी बंदी घालू शकते.

७) प्रतिबंधात्मक आदेश : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४) असे आदेश काढले जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ याच स्वरूपाचे आहे. सणासुदीच्या वा तणावाच्या काळात वृत्तपत्रांत येणाऱ्या जमावबंदी व शस्त्रबंदीच्या आदेशांचा उगम येथे आहे.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्नही अभ्यसनीय आहे. पूर्वी सरसकट सर्व परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्यास सांगितले जाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत स्पष्ट केली. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूक काळातील दंगलीत, सहभागी असलेले अशा परवानाधारकांची प्रकरणे समितीने तपासावीत, असे त्यात अपेक्षित आहे. निर्बंध आवश्यक असला तरी तो विवेकाने व व्यक्तीनिहाय विचार करून लादला जावा, हे प्रशासकीय तत्त्व यातून दिसते.

परवान्याचे भौगोलिक क्षेत्र

परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावर नमूद असते. अखिल भारतीय वैधता सर्वांना मिळत नाही. मंत्री, खासदार, सैन्यदलांतील व अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, खेळाडू अशा मर्यादित वर्गांसाठी ती प्रामुख्याने विचारात घेतली जाते. म्हणून साताऱ्यात वा सोलापुरात मिळालेला, केवळ महाराष्ट्रापुरता वैध असलेला परवाना खिशात ठेवून दिल्लीत रिव्हॉल्वर बाळगणे कायदेशीर ठरत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा विचार करता ही बाब अधिक गंभीर होते. दिल्लीहून नोएडा किंवा गुरुग्राम येथे रोज ये-जा करणारा माणूस दर वेळी राज्याची सीमा ओलांडतो; त्याच्या परवान्याची हद्द मात्र आपोआप विस्तारत नाही. परवान्यांची राष्ट्रीय माहितीसंचिका आणि प्रत्येक परवानाधारकास दिला जाणारा अद्वितीय ओळख क्रमांक यांमुळे आता अशी पडताळणी सुकर झाली आहे.

२०१९ ची दुरुस्ती

शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ हा १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. मूळ विधेयकात ती एकच सुचविली होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढविण्यात आली. आनंदोत्सवात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा, कलम २५(९) मध्ये प्रथमच स्पष्टपणे सांगण्यात आल्या.

तथापि एक विसंगती उरतेच. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. शाळेच्या आवारात वा जत्रेत परवान्याचे शस्त्र नेणाऱ्याला ही शिक्षा कितपत जरब बसवील, याचा विचार व्हायला हवा. व्यवहारात परवाना रद्द होण्याची भीती हाच अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

न्यायालयीन दृष्टिकोन

परवान्याच्या शस्त्राने काय घडू शकते, याचे दिल्लीतील विदारक उदाहरण म्हणजे एप्रिल १९९९ मधील जेसिका लाल हत्या प्रकरण. मेहरौली येथील एका उपाहारगृहातील मेजवानीत, मद्य देण्यास नकार दिल्यावरून गोळी झाडली गेली. दोषी ठरलेल्या व्यक्तीकडे .२२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना होता. ते पिस्तूल तपासात कधीच हस्तगत झाले नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि एप्रिल २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य, गर्दी आणि कमरेचे पिस्तूल यांच्या संयोगापासून समाजाला दूर ठेवणे हे ठिकाणविषयक निर्बंधांचे खरे प्रयोजन होय.

दुसऱ्या बाजूने, कायदा निरपराधावर अन्याय करू नये याचीही न्यायालयांनी काळजी घेतली आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताब्याची संकल्पना स्पष्ट करताना जाणिवेचा घटक आवश्यक मानला. या तत्त्वाच्या आधारे, विमानतळावर किंवा मेट्रो स्थानकावर पिशवीच्या कोपऱ्यात नकळत राहिलेले एखादे काडतूस सापडल्याची प्रकरणे दिल्ली उच्च न्यायालयाने परिस्थिती पाहून रद्द केली आहेत. कलम ३ खालील गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी घेण्याचे कलम ३९ हेही असेच एक संरक्षण आहे.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेच्या घटनेतील दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य करते. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन प्रकरणात न्यूयॉर्क राज्याची, परवान्यासाठी विशेष कारण दाखविण्याची जुनी अट रद्द केली. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल झाकून बाळगता येते. तरीही त्याच निर्णयात शाळा, विधिमंडळे, मतदान केंद्रे व न्यायालये अशा ‘संवेदनशील ठिकाणी’ बंदी घालता येते, हे मान्य केले आहे. याउलट ग्रेट ब्रिटनने डनब्लेन येथील शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये खाजगी व्यक्तींच्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली.

या दोहोंच्या तुलनेत भारताचा मार्ग मध्यम म्हणता येईल. अमेरिकेत हक्क हा आरंभबिंदू असल्याने निर्बंधाचे समर्थन सरकारला करावे लागते. भारतात निर्बंध हा आरंभबिंदू असल्याने परवान्याची गरज अर्जदाराला पटवून द्यावी लागते. मात्र शाळा आणि मतदान केंद्र यांबाबत दोन्ही व्यवस्था एकाच निष्कर्षाप्रत येतात. जेथे मुले शिकतात आणि जेथे नागरिक निर्भयपणे मत देतात, तेथे शस्त्राला स्थान नाही.

पुढील दिशा

काही सुधारणा अगत्याच्या वाटतात. मनाई असलेल्या ठिकाणांची एकत्रित, सोप्या भाषेतील सूची परवान्यासोबतच द्यावी. शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणात कायदेशीर मर्यादांचा भाग ठळक असावा. हॉटेले, मंगल कार्यालये व मॉल यांनी शस्त्रे सुरक्षित जमा करून घेण्याची व्यवस्था ठेवावी आणि भंग झाल्यास पोलिसांना तत्काळ कळवावे. २०१८ च्या घटनेत चित्रण प्रसारित झाल्यानंतरच चक्रे फिरली, ही बाब बोलकी आहे. कलम ३० मधील शिक्षेचाही फेरविचार व्हावा. त्याच वेळी, दुर्गम भागातील शेतकरी किंवा ज्याच्या जीविताला खरोखर धोका आहे असा नागरिक यांचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू नये, हीदेखील प्रशासनाची जबाबदारी आहे.

उद्या जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हे अर्ज प्रत्यक्ष येणार आहेत. त्या वेळी एका व्यक्तीच्या जीविताचे संरक्षण आणि अनेकांची निर्भयता या दोन्ही गोष्टी एकाच स्वाक्षरीवर अवलंबून असतील. परवाना हा समाजाने व्यक्तीवर सोपविलेला विश्वास आहे. त्या विश्वासाला ठिकाणाची, रीतीची आणि हेतूची मर्यादा आहे, हे या अभ्यासाचे सार होय.

सरावासाठी प्रश्न

१) भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. संविधान सभेतील चर्चा व अनुच्छेद १९(१)(ख) यांच्या आधारे विवेचन करा.

२) परवानाधारकास शस्त्र नेण्यास मनाई असलेली ठिकाणे सांगून त्या-त्या निर्बंधाचा कायदेशीर आधार स्पष्ट करा.

३) शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील प्रमुख बदलांचे परीक्षण करा. कलम ३० मधील शिक्षा पुरेशी आहे काय?

४) आपण जिल्हा दंडाधिकारी आहात. परवानाधारकाने लग्नसमारंभात पिस्तूल उगारल्याचे चित्रण प्रसारित झाले आहे. गोळी झाडलेली नाही. आपण कोणती कार्यवाही कराल? कारणे द्या.